तीन महिन्यांचा वर्ग आणि दहा वर्षांचे मैदान

२०२५च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि गदा श्रीगोंदा तालुक्यात आली. भाग्यश्री फंड हिने ती जिंकली. त्याच महिन्याच्या अखेरीस पुरुषांची सदुसष्टावी महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर भरली. कुस्ती ही या जिल्ह्याची जुनी ओळख आहे. गावच्या यात्रेत छबिना निघाला की कुस्त्यांचा हगामा ठरलेलाच, आणि अलीकडे त्या हगाम्यात मुलींच्याही कुस्त्या लागतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर २०२० साली महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा डोंगरातल्या पोरांनीही छाती फुगवली होती.

हा लेख मात्र या मल्लांविषयी नाही. पाथर्डी, कर्जत किंवा जामखेडच्या एखाद्या वाडीत राहणारी, आठवीत शिकणारी, कधीही आखाड्यात न उतरणारी मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिच्या शरीराला शाळेकडून काय मिळते? उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते. एक म्हणजे वेळापत्रकातला पीटीचा तास. दुसरे म्हणजे अधूनमधून होणारा ‘स्वसंरक्षण प्रशिक्षण’ हा कार्यक्रम. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ आहे. त्याची मुदत तीन महिने, आणि त्यासाठी शाळेला दरमहा पाच हजार रुपये मिळतात. योजना चांगली आहे, ती बंद पडू नये. पण तीन महिने रांगेत उभे राहून हवेत ठोसे मारले, प्रात्यक्षिक झाले, प्रमाणपत्रे वाटली, की मुलगी सुरक्षित झाली असे आपण समजतो, आणि ती समजूत धोक्याची आहे. स्वसंरक्षण हे शारीरिक शिक्षणाच्या पोटातून येते. पहिलीपासून दहावीपर्यंतची दहा वर्षे मैदानावर गेली नसतील, तर तीन महिन्यांच्या वर्गाला उभे राहायला जमीनच नसते.

या जिल्ह्यात स्वसंरक्षणाविषयी लिहिताना कोपर्डीचे नाव टाळता येत नाही. १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातल्या या गावात एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) सत्र न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. त्यानंतर गावोगाव मुलींना कराटे शिकवा, लाठी शिकवा अशी मागणी झाली. त्या मागणीमागची कळकळ खरी होती. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तिला कराटे आले असते तर ती वाचली असती, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगाराची असते, आणि रस्ता सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी गावाची आणि शासनाची. मुलीला डाव शिकवून ही जबाबदारी तिच्या खांद्यावर टाकता येणार नाही.

मग शिकवायचे कशासाठी? अशा घटनेची पुढची झळ मुलींच्या शाळेला बसते, हे पहिले कारण. भीतीने आईबाप मुलीला घरी बसवतात, लग्नाची घाई करतात. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा हा राज्यातला सर्वात विस्तीर्ण जिल्हा आहे, तालुके चौदा, वस्त्या रानात विखुरलेल्या. आठवीनंतरची शाळा अनेकींसाठी दुसऱ्या गावी असते. एसटीचा मोफत पास मुलींना ज्या योजनेतून मिळतो, तिला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे, आणि अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. पण पास हातात असला तरी थांब्यापासून वस्तीपर्यंतची पायवाट उरतेच. त्या वाटेवरून चालण्याचा हक्क मुलीने सोडू नये, एवढी ताकद, एवढे भान आणि एवढा आवाज तिच्यात यावा, हा स्वसंरक्षण शिकवण्याचा पहिला हेतू मानला पाहिजे. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे शिक्षण याच नगरमध्ये, मिस सिंथिया फॅरार यांच्याकडे घेतले. पुढे पुण्यात शेणगोळे अंगावर आले, तरी त्यांनी शाळेची वाट बदलली नाही. जोतीराव तर लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत दांडपट्टा शिकलेले. आपल्याकडे शिक्षण आणि तालीम यांची गाठ एवढी जुनी आहे, पण तालमीचा वाटा मुलांकडेच राहिला.

लढण्याची विद्या शाळेत कशी आली, याचा इतिहास बोधक आहे. जपानमध्ये १८८२ साली जिगोरो कानो यांनी कोदोकान ही संस्था काढली. ते पेशाने शिक्षक होते, पुढे टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुखही झाले. जुन्या जुजुत्सूमधले जीवघेणे प्रकार त्यांनी सरावातून बाजूला काढले आणि जुडो घडवला. शरीर घडवणे, लढत देणे आणि मन घडवणे हे तिन्ही हेतू त्यांनी एकत्र धरले. ओकिनावात १९०१च्या सुमारास आंको इतोसू यांनी कराटे शाळेत आणले आणि मुलांना झेपतील असे सोपे प्रकार बसवले. आपल्या देशात रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या जपानी गुरूला शांतिनिकेतनात बोलावले. तिथे मुलांबरोबर मुलीही जुडो शिकल्या. या सगळ्यांत एक समान सूत्र दिसते. लढण्याची कला शाळेत शिरली ती मारामारीसाठी शिरली नाही, माणूस घडवण्याचे साधन म्हणून शिरली.

शारीरिक शिक्षणाची उद्दिष्टे नेमकी कोणती, याची मांडणीही त्याच काळात झाली. १९१० साली अमेरिकेत क्लार्क हेदरिंग्टन यांनी सांगितले की खेळ आणि व्यायामातून चार प्रकारचा विकास होतो: इंद्रियांचा म्हणजे हृदय, फुप्फुसे, हाडे, स्नायू यांचा, मज्जा आणि स्नायू यांच्या मेळाचा, बुद्धीचा, आणि चारित्र्याचा. पुढे शब्द बदलले, चौकट टिकली. महाराष्ट्रात १९१४ साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारले. मंडळाच्या चमूने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. मद्रासला १९२० साली हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले. म्हणजे शास्त्र आपल्यापर्यंत शंभर वर्षांपूर्वीच पोहोचले होते. ‘पीटी म्हणजे कवायत आणि शिट्टी’ ही समजूत त्या शास्त्रातली नाही, ती नंतर आपण करून घेतली.

आता हीच चौकट स्वसंरक्षणाला लावून पाहू. संकटात सापडलेल्या मुलीचा सर्वात उपयोगी डाव कोणता, असे कोणत्याही जाणत्या प्रशिक्षकाला विचारा. तो सांगेल, सुटून पळणे. सुटण्यासाठी मनगट फिरवण्याची युक्ती पाच मिनिटांत दाखवता येते, पण त्यानंतर दोनशे मीटर जीव तोडून धावायला दम लागतो आणि तो दम पाच मिनिटांत येत नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटे घाम येईल अशी हालचाल सांगते. २०१६च्या आकड्यांवरून संघटनेच्या अभ्यासकांनी काढलेल्या जागतिक अंदाजात किशोरवयीन मुलींपैकी पंच्याऐंशी टक्के मुली या मापाला पुरत नव्हत्या. मुलांमध्ये हे प्रमाण अठ्ठ्याहत्तर टक्के होते. वयात येतानाच हाडे सर्वात वेगाने भरतात, आणि नेमक्या त्याच वयात आपण मुलीला ‘आता मोठी झालीस’ म्हणून मैदानावरून उठवतो.

हातापायांच्या मेळाची गोष्ट याहून खोल आहे. कोणतेही कौशल्य अंगी बाणताना तीन पायऱ्या लागतात, असे फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडले. आधी माणूस विचार करकरून हालचाल करतो, मग चुका कमी होत जातात, आणि शेवटी हालचाल आपोआप घडते. सायकल शिकलेल्या प्रत्येकाने हे अनुभवले आहे. घाबरलेल्या अवस्थेत फक्त तिसऱ्या पायरीवरची हालचालच हाताशी राहते. तीन महिन्यांत वीस डाव दाखवले तर ते सगळे पहिल्या पायरीवर अडकतात. शिवाय पर्याय वाढले की प्रतिसादाला लागणारा वेळही वाढतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. म्हणून वीस डावांपेक्षा चार पुरेत: पकडलेले मनगट सोडवणे, मागून पडलेली मिठी सैल करणे, तोंड दाबणारा हात खाली ओढणे, आणि पडल्यावर पायांनी अंतर राखत उठणे. तेच चार, पुन्हा पुन्हा, जोडीदार बदलून, थकल्यावरही.

आणि पडणे. जुडोमध्ये पहिले धडे पडण्याचे असतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात जमिनीवर सपाट. डोके न आपटता पडता आले तर पडण्याची भीती जाते, आणि पडण्याची भीती गेलेली मुलगी धक्काबुक्कीत हातपाय गाळत नाही. लाल मातीच्या आखाड्यात हेच होते. म्हणूनच कुस्ती खेळणारी पोर अंगावर कोणी आले तरी एकदम दचकत नाही. दुसऱ्या शरीराचे वजन, ओढ, ढकल हे तिच्या ओळखीचे असते.

यासाठी प्रत्येक गावात वस्ताद किंवा कराटेचा ब्लॅक बेल्ट हवा, असे मुळीच नाही. खो-खो पाहा. पळती करणारी मुलगी हुलकावणी देते, क्षणात दिशा बदलते, मागे न बघता पाठलाग करणाऱ्याचे अंतर ओळखते. कबड्डीत चढाई करणारी एकटी सात जणींच्या घोळक्यात शिरते, दम राखते, पकडीतून निसटून रेषेकडे झेपावते. स्वसंरक्षणाच्या कोणत्या पुस्तकात याहून वेगळे काय असते? पहिल्या खो-खो विश्वचषकात, २०२५च्या जानेवारीत, भारताच्या महिला संघाने जेतेपद मिळवले आणि त्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. हा खेळ आपल्या शाळांच्या पटांगणात वर्षानुवर्षे पडून आहे. त्याला फक्त चुन्याच्या रेषा, दोन खांब आणि तास लागतो.

बुद्धीचा विकास म्हणताना आपण मैदानाकडे क्वचित पाहतो. स्वसंरक्षणात मात्र तोच अर्धा भाग आहे. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस हे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. गुन्ह्यांच्या नोंदी वेगळेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, ओळखीतला दादा, कधी शिकवणारा माणूस. इथे ठोसा उपयोगी पडण्याआधी ओळख उपयोगी पडते: कोण नको तितका जवळ येतो, कोण एकटीला गाठण्याचे निमित्त शोधतो, कोण ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणतो.

याचा पुरावाही आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत चार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी ८९३ विद्यार्थिनींचा अभ्यास केला आणि तो २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला तीन तासांची चार सत्रे दिली. त्यांत अंगाने प्रतिकार शिकवला, पण भर होता धोका वेळेत ओळखण्यावर, आणि ओळखीच्या माणसाला विरोध करताना जो संकोच आड येतो तो मोडण्यावर. दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रके दिली. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात ९.८ टक्के होते, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. बारा तासांत एवढा फरक पडला, मग माझे तीन महिन्यांबद्दलचे म्हणणे खोटे ठरते का? नाही. ती बारा तासांची सत्रे विचारपूर्वक आखलेली होती, आणि त्यांत हवेतल्या ठोशांपेक्षा निर्णय, बोलणे आणि संकोच यांवर अधिक वेळ दिला होता. आपल्या तीन महिन्यांतून नेमके हेच गळते.

संकोच या शब्दापाशी थोडे थांबतो, कारण आपल्याकडे तोच सर्वात मोठा अडथळा आहे. ‘मोठ्यांना उलट बोलू नये’, ‘हळू बोल’, ‘चारचौघांत तमाशा नको’ हे ऐकतच आपली मुलगी वाढते. तिच्या घशातून मोठा आवाज निघतच नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मुलींना ओरडायला सांगितले की त्या हसतात, तोंडावर हात घेतात, एकमेकींकडे बघतात. ‘हात सोड’, ‘लांब उभा राहा’ हे शब्द पोटातून, नजर समोर ठेवून उच्चारायला सराव लागतो. कबड्डीचा दम आणि खो-खोतला ‘खो’ हा सराव नकळत देतात. भर मैदानात, गावासमोर, मोठ्याने ओरडण्याची परवानगी मुलीला मिळते अशा जागा फार थोड्या आहेत, आणि खेळाचे मैदान त्यांपैकी एक आहे. म्हणून मी आवाजाला डावाइतकेच महत्त्व देतो.

भावनांच्या बाबतीत आणखी एक सत्य प्रत्येक शिक्षकाला आणि पालकाला माहीत हवे. अत्याचाराच्या क्षणी शरीर गोठू शकते. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सत्तर टक्के स्त्रियांनी त्या वेळी लक्षणीय प्रमाणात शरीर गोठल्याचे सांगितले. ही मज्जासंस्थेची प्रतिक्रिया आहे, भित्रेपणा नव्हे आणि संमती तर मुळीच नव्हे. ‘तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न विचारणारा माणूस मुलीवर दुसरा घाव घालतो. प्रशिक्षण गोठण्याची शक्यता कमी करू शकते, ती पुसून टाकू शकत नाही. म्हणून वर्ग सुरू होतानाच मुलींना सांगावे: तुम्ही प्रतिकार केला नाही, करता आला नाही, तरी दोष तुमचा नाही, आणि घरी येऊन सांगितले तर आम्ही तुमच्याच बाजूने आहोत.

कायदाही मुलींना माहीत असावा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठी बळ वापरणे गुन्हा नाही. बचावासाठी लागते त्याहून जास्त इजा मात्र करू नये, ही मर्यादा आहे. बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला अशा हेतूने झालेल्या हल्ल्यात हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. ‘उलट मारले तर आपल्यावरच केस होईल’ या भीतीने मुलगी आणि तिचे घरचे गप्प बसतात, ती भीती एवढ्या माहितीने बरीच ओसरते. ११२, बालकांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर असावेत.

मुलांचे काय? त्यांना या वर्गातून वगळणे मला मोठी चूक वाटते. कुस्तीत पाठ टेकली की पकड सोडायची असते. जुडोत समोरच्याने जमिनीवर थाप मारली की त्याच क्षणी थांबायचे असते. शक्ती हातात असताना थांबणे, समोरच्याचा नकार ओळखणे आणि पाळणे, हे चारित्र्याचे शिक्षण याहून सरळ कुठे मिळेल? हेदरिंग्टन यांच्या चौथ्या उद्दिष्टाची कसोटी मुलींपेक्षा मुलांच्या मैदानावर अधिक लागते.

अडचणी ठाऊक आहेत. दहावीच्या वर्षी पीटीचा तास गणिताला जातो. अनेक ठिकाणी शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र शिक्षक नसतो. मुलींच्या गणवेशात धावता येत नाही. पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहात पाणी नसते, म्हणून मुलगी मैदानावरच काय, शाळेतही येत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे ऊसतोडीला गेली की पोरीची शाळाच सुटते, मग मैदान कुठले. यातले काही प्रश्न मोठे आहेत, शासनाने सोडवायचे आहेत. पण काही शाळेच्या आणि गावाच्या आवाक्यातले आहेत. ट्रॅक पँट आणि टी-शर्ट हा मुलींचा खेळाचा गणवेश ठरवता येतो. तीन महिन्यांचा प्रशिक्षक येतो तेव्हा शाळेतल्या एका शिक्षिकेने रोज त्याच्याबरोबर उभे राहून ते चार प्रकार शिकून घ्यावेत, म्हणजे तो गेल्यावर आठवड्यातून पंधरा मिनिटे सराव चालू राहील. प्रशिक्षक शक्यतो स्त्री असावी, तिची किंवा त्याची पार्श्वभूमी तपासलेली असावी, आणि वर्गात शाळेतली एक शिक्षिका कायम हजर असावी. गावात तालीम असेल तर सकाळची वेळ मुलींसाठी राखून ठेवायला वस्तादांना विनंती करता येते. श्रीगोंद्याची एक पोर राज्याची गदा आणते, तेव्हा ही विनंती नाकारणे कोणत्याही वस्तादाला जड जाईल.

जूनमध्ये शाळा उघडेल आणि पहिली पालकसभा होईल. तिथे मार्कांबरोबर तीन प्रश्न विचारा. वेळापत्रकातला पीटीचा तास खरोखर होतो का? त्या तासाला माझी मुलगी खेळते की कडेला बसते? आणि स्वसंरक्षणाचा वर्ग संपल्यावर त्याचा सराव कोण घेणार आहे? उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा, आणि शेजारच्या चार आयांना बरोबर घेऊन जा.